चौऱ्याहत्तर सालची बेलबॉटम

बेलबॉटमच्या काठाला आतून शिवलेली चेन पाहून फोटोग्राफर हसला. "ही इथे चुकून लागली का?"

"चुकून कशाला? जमिनीला घासून काठ फाटू नये म्हणून लावायचो आम्ही," शैलजाबाई म्हणाल्या.

एका बिअर कंपनीला चौऱ्याहत्तर सालच्या जाहिरातींसारखं कॅलेंडर काढायचं होतं. खरे जुने कपडे हवेत म्हणून तिथे काम करणारी त्यांची नात गार्गी त्यांना बेलबॉटमसकट स्टुडिओत घेऊन आली होती. कॉलेजात असताना त्यांनी ती स्वतः शिवली होती, आणि पन्नास वर्षं जपलेली ती निदान एका फोटोत दिसावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

मॉडेलने ती घातली, हातात फेसाळता ग्लासही धरला. फोटोग्राफरने मान हलवली. "फार साधी आहे. त्या काळातली वाटतच नाही." मग त्या मुलीला बाजारातून आणलेली, सूर्यफुलं छापलेली चकचकीत पँट चढवली.

"असलं घालून आम्ही रस्त्यावर आलो असतो, तर कुत्री मागे लागली असती!"

"आजी, लोकांना हेच जुनं वाटतं गं," गार्गी कुजबुजली.

शैलजाबाई बेलबॉटमची घडी घालू लागल्या. तेवढ्यात फोटोग्राफर नऊवारी घेऊन आला. "आजी, मागे झोपाळ्यावर बसता का? घरात एक म्हातारी हवी."

"कधीच्या घरात?"

"चौऱ्याहत्तरच्या."

"चौऱ्याहत्तरात मी एकवीस वर्षांची होते, बाबा." त्यांनी घडी पिशवीत कोंबली. "म्हातारी दुसरी शोध."