नऊशे बारावी ओळ

जुन्या पुस्तिकेत पानं दोनशे बारा, तक्ते अडतीस आणि तक्त्यांतल्या ओळी नऊशे अकरा. छापील प्रत पुढ्यात घेऊन, पेन्सिलीने खुणा करत, ज्ञानदाने त्या दोनदा मोजल्या होत्या. नव्या पुस्तिकेत पानं एकशे नव्वद, तक्ते अडतीस, ओळी नऊशे बारा.

पानं कमी झाली त्याचं नवल नव्हतं. नवी मांडणी आटोपशीर होती. पण असा मजकूर इकडून तिकडे नेताना एखादी ओळ गळते. ती आपण होऊन उगवत नाही.

कोबाल्ट मशीनवर कॅन्सरच्या रुग्णाला किती वेळ किरण द्यायचे, हे काढणारा प्रोग्राम विश्राम सरांनी १९९६ साली लिहिला. तेव्हा ते विद्यापीठात फिजिक्स शिकवत. कुणीही वापरा, कुणीही सुधारा, म्हणून त्यांनी तो सगळ्यांना मोकळा करून दिला होता. त्याची पुस्तिका ट्रॉफ या छपाईच्या जुन्या प्रोग्राममधून डॉकबुक या नव्या पद्धतीत नेण्याचं काम ज्ञानदाने हौसेने अंगावर घेतलं. नुकतीच तिची एमएस्सी झाली होती, आणि सर निवृत्त झाले होते.

जास्तीची ओळ चौतिसाव्या तक्त्यात सापडली. तो तक्ता फक्त चंदीगडच्या मशीनचा होता. ओळीत एवढंच होतं: ‘.९६५ जाड ट्रे’.

शरीराचा जो भाग झाकायचा, त्यासाठी शिशाचे ठोकळे ट्रेवर ठेवतात. तो ट्रे किरणांच्या वाटेत येतो आणि थोडे किरण स्वतःच खातो. म्हणून वेळ वाढवून द्यावा लागतो. किती, ते हा गुणक सांगतो. गुणक जितका लहान, तितका वेळ जास्त.

सरांनी घाईत आधीचं शून्य लिहिलं नव्हतं, त्यामुळे ओळ टिंबाने सुरू झाली होती. ट्रॉफमध्ये टिंबाने सुरू होणारी ओळ म्हणजे मजकूर नव्हे, छपाईला दिलेला हुकूम. न समजलेल्या हुकमाबद्दल ट्रॉफ तक्रार करत नाही. ओळ गुपचूप गाळून पुढे जातं. ज्ञानदाने नवी पुस्तिका मूळ फाइलवरून केली, म्हणून तिच्यात ती ओळ आली.

फाइलमधल्या तारखेप्रमाणे ती सात वर्षांपूर्वी घातलेली होती. म्हणजे गेली सात वर्षं ही ओळ छापलीच गेली नव्हती.

सेक्टर पंधरातल्या घरी सर उन्हात किन्नू सोलत बसले होते. त्यांनी कागद पाहिला.

“ही? ट्रे आला त्या दिवशीच टाकली की मी. पुरवठादाराच्या कागदावरून.”

“छापील प्रतीत नाहीये, सर. कुठल्याच प्रतीत नाही.” तिने टिंबाचं सांगितलं.

सरांचा हात थांबला. “मग हॉस्पिटलवाल्यांनी या ट्रेला लावलं काय?”

“पुस्तिकेत नाही म्हणजे... बहुतेक काहीच नाही.”

“साडेतीन टक्के कमी,” सर म्हणाले. “प्रत्येक वेळी. सात वर्षं.” त्यांनी किन्नू बाजूला ठेवलं. “अगं, ही काय मार्कांची बेरीज आहे का? माणसं आहेत ती.”

“हॉस्पिटलात फोन करू का, नलिनीताईंना?”

“फोनवर विचारायची गोष्ट आहे ही? स्कूटर काढ.”

वाटेतल्या चारही चौकांत तिने आपल्या मनानेच गिअर बदलले. एरवी सर तिला मागे बसून गिअर बदलायला शिकवत.

नलिनीताई मूळच्या मिरजेच्या. हॉस्पिटलातलं ते कोबाल्ट मशीन पहिल्या दिवसापासून त्याच चालवत. हे दोघं पोचले तेव्हा त्या डबा उघडत होत्या.

“अरे वा! निवृत्त होऊनही चैन नाही का, सर? या, मेथीचे पराठे आहेत.”

सर उभेच राहिले. “नलिनी, जाड ट्रेला गुणक कुठला लावता?”

“ट्रेवर लिहिलाय तो.”

“कुणी लिहिला?”

“मीच. तुमच्या पुस्तिकेत सगळे ट्रे, नेमका तोच नाही. तेव्हा आमच्याकडे फिजिसिस्टची जागा रिकामी. तुम्हाला फोन केले, तर तुम्ही मुलीच्या लग्नाला अमरावतीला. सोमवारी पहिला पेशंट टेबलावर यायचा होता. मग रविवारी येऊन बसले, किरण मोजायचा चेंबर लावला आणि गुणक मोजला. पाच वेळा.”

“म्हणजे गुणकाशिवाय एकही पेशंट...”

“काय सर! पुस्तिकेत नाही म्हणून ट्रे किरण खायचा थांबतो होय?”

सरांनी स्टूल ओढलं आणि त्यावर धपकन बसले. चष्मा काढून बराच वेळ शर्टाला पुसत राहिले. मग न विचारता डब्यातला पराठा उचलला. ज्ञानदाला हसू आवरेना.

“आता काळजी नाही, ताई,” ती म्हणाली. “नव्या पुस्तिकेत ती ओळ आली आहे.”

“आता येऊन काय उपयोग? तेव्हा छापली असती, तर डोळे मिटून तोच आकडा लावला असता. सरांच्या पुस्तिकेतला आकडा कोण मोजत बसतंय? माझा एक रविवार तरी वाचला असता.”

बोलता बोलता त्यांनी मांडणीवरून ट्रे काढून टेबलावर ठेवला. ज्ञानदाने कडेवरची फिकट शाई वाचली आणि आपल्या वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले.

पुस्तिकेतला गुणक: ०.९६५. मोजलेला: ०.९४१.