दोघांचा आकडा

नास्तितीने शेजारच्या ठळक ताऱ्याच्या अंदाजाने नेहमीच्या ताऱ्यावर दुर्बीण रोखली आणि स्वतः न डोकावता बाजूला झाली. वोनोसारी गावातल्या त्या गच्चीवर पहिली नजर वडीलधाऱ्याची. पाक वार्दोयो (तिकडे वडीलधाऱ्याला आदराने ‘पाक’ म्हणतात) नुकतीच इशाची, रात्रीची नमाज आटोपून आले होते. त्यांनी डोळा लावला.

उत्तर मुकुट तारकासमूहातला तो तारा मोठा लहरी. वर्षानुवर्षं एकाच तेजाने जळायचं आणि एक दिवस आपल्याच काजळीत बुडून दिसेनासं व्हायचं. त्याला बुडताना बघायचं, एवढ्यासाठी म्हाताऱ्याने अर्धं आयुष्य मान वर करून काढलं होतं. मध्ये नास्तितीच्या घरी लग्न निघालं, त्यामुळे तीन आठवडे तारे बघायची बैठक झाली नव्हती.

"बसलाय जागेवर, लबाड," पाक म्हणाले. "ये, बघ तू."

तिने पाहिलं. आजूबाजूचे तारे लख्ख होते आणि मधली जागा रिकामी होती. डोळे चोळून तिने पुन्हा पाहिलं. तिथे काही नव्हतं.

म्हणजे पाकांना काहीच दिसलं नव्हतं. मधुमेहाने पाकांचे डोळे कधीचे खाल्ले होते, आणि कुणाला पत्ता नव्हता.

त्यांची रीत अशी, की तेजाचा आकडा कुणी आधी फोडायचा नाही. तीन म्हणताच दोघांनी एकदम बोलायचा, म्हणजे कुणावर कुणाची छाप नको. तारा नेहमीच्या तेजात असला की सहा. पण खरं बोलायचं तर म्हाताऱ्याला तोंडावर आंधळा म्हणावं लागणार होतं. ते तिच्याच्याने होईना.

"एक, दोन, तीन."

"सहा," दोघं एकदम म्हणाले.

"जुळलं बघ," पाक खूश झाले.

तेवढ्यात सुराबायाहून हर्तोनोचा फोन आला. तो त्यांच्या तारे बघणाऱ्या मंडळातला तिसरा गडी. आवाज गच्चीभर ऐकू येत होता.

"पाक, बुडाला की तुमचा तारा. माझ्याकडे मागमूस नाही. तुमचा दोघांचा आकडा द्या, म्हणजे जगाला कळवून टाकू. किती दिसला?"

नास्तितीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमच्याकडे ढग आहेत रे," पाक म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी मान तिच्याकडे वळवली.

"नास्ती, ढग आहेत का गं?"

"नाहीत, पाक. आभाळ स्वच्छ आहे."

"असं तू म्हणतेस. मघाशी सहाही म्हणालीस," पाक म्हणाले.