फुललेल्या बांबूचा अहवाल

कागद गिरणीच्या संचालक मंडळासाठी मी लिहिलेल्या नऊ पानी अहवालातले ‘आपले पोंभुर्ण्याचे बांबूवन यंदा फुलांनी बहरले आहे’ हे वाक्य व्यवस्थापकांना फार आवडले होते. वनाशेजारच्या गावात बांबूचे बी पाखडत बसलेल्या वृद्ध सोमारीबाईंना मी ते वाचून दाखवले. “भाऊ, बांबू फुलला म्हंजे मेला ना! पुढच्या साली तुमची गिरनी काय खाईन? मी पोरगी होती तवा आख्खं जंगल असंच वाळलं.” मी नऊही पाने फाडून तीन वाक्ये लिहिली: ‘हा बांबू मरणार आहे. यंदाच सगळा तोडावा. सरकारकडे दुसरे जंगल आजच मागावे.’ कचेरीत व्यवस्थापक चिडले. “मंडळ विचारेल, हे सांगितले कोणी? कोणत्या शास्त्रज्ञाने?” “ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांनी,” असे म्हणून मी सोबत आणलेल्या सोमारीबाईंपुढे शाईची गादी सरकवली. माझ्या सहीच्या वर त्यांनी अंगठा ठसठशीत उमटवला.