बांधाचा निकाल

"जिताड्याचं कालवन चुलीवर हाय. आदी निकाल लावून या, मंग जेवा. नायतं दोगं पन उपाशी बसा!" पुतळाबाईनं नवऱ्याला, हिरामणला, आणि त्याच्या जुन्या दोस्ताला उंबऱ्याबाहेर काढलं आणि खुशाल दार लोटून घेतलं.

हिरामण आणि गोटीराम भर दुपारी सारसोळे गावच्या गल्लीत एकमेकांकडे न बघता उभे राहिले. शेताला शेत लागून, खाडीत एकच होडी, लहानपणी जेवायला ताटसुद्धा एक. आणि एका बांधापायी बोलणं बंद. हिरामणचं म्हणणं, गोटीरामनं बांध हातभर सरकवला. गोटीरामचं म्हणणं, सरकवला तो हिरामणनंच. पुढं नव्या शहरासाठी सरकारनं दोघांच्याही जमिनी घेतल्या. शेत गेलं, बांध गेला, भांडण तेवढं धडधाकट राहिलं. गोटीराम उरणकडे लेकाजवळ राहायला गेला. आज पुतणीच्या हळदीला आला होता, तिथून पुतळाबाईनं त्याला घरी ओढून आणलं होतं, आणि संध्याकाळच्या एसटीनं तो परत निघणार होता. पुन्हा कधी येईल, देव जाणे.

हिरामणला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. गावात आता ज्याला त्याला चाळी बांधायची घाई. ओटीवर बसून उगाच गप्पा मारायला माणूस उरलं नव्हतं. पण म्हणून काय बांध सोडायचा? छे! मेला तरी नाही.

"चल," तो म्हणाला. "जाग्यावर जाऊन बघू."

जागा कसली! जिथून रात्री डोळे मिटून घरी यायचे, तिथं आता बिल्डिंगीमागं बिल्डिंग, सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. दोनदा फिरून दोघं त्याच गिरणीसमोर आले. शेवटी गिरणीवाल्याला दया आली.

"काका, नवीन दिसताय. कुठं जायचंय?"

"नवीन?" गोटीराम कडाडला. "आरं, तू हुबा हायस ना, तितं माजा भात व्हता!"

गिरणीवाल्यानं घाईघाईनं दळणात डोकं घातलं.

मग हिरामणनं खाडीतली अक्कल काढली. पाण्यात जाळ्याची जागा शोधायची तर काठावरचं झाड आणि मागचा डोंगर एका रेषेत धरायचा. बांधाची खूणही तशीच होती. तळ्याकाठची चिंच डोंगराच्या खाचेत बसलेली दिसली, की पायाखाली बांध. चिंच अजून उभी होती, डोंगर तर कुठं जातोय! दोघं माना वर करून खेकड्यासारखे आडवे आडवे सरकू लागले. सरकत सरकत एका बिल्डिंगीच्या भिंतीवर आदळले. रेषा सरळ आत गेली होती. हिरामणनं तळमजल्याच्या दाराची कडी वाजवली.

दार उघडलं ते चांगुणाबाईनं. परभणीकडून नवऱ्यामागं नुकतीच इथं आलेली तरणी बाई. तिनं आधी ओठावर बोट ठेवलं.

"हळू! यांची रातपाळी झाली, आत्ता कुठं डोळा लागलाय. कोन पायजे?"

"बाय," हिरामण म्हणाला, "आमचा बांद तुज्या घरात हाय."

दुसरी कुणी असती तर दार लावून घेती. चांगुणाबाई शेतकऱ्याच्या घरची. "बांदाचं हाय व्हय?" ती गंभीर झाली. "आमच्याकडं बांदापायी सख्ख्या भावांची डोकी फुटली. या, बघा. पर आवाज करायचा न्हाई."

आत खिडकी, खिडकीतून चिंच आणि डोंगर. आणि खिडकीला उशी लावून खाट. खाटेवर तिचा नवरा शिवराम, पोट वर करून, घोरत.

"बग," डावीकडं उभा राहून हिरामण पुटपुटला. "बांद तुज्या बाजूला व्हता. तू सरकवलास."

"तू सरकवलास," उजवीकडून गोटीराम कुजबुजला.

"खोटारड्या."

"तू खोटारडा. तुजा बापूस पन..."

"शूऽऽ!" चांगुणाबाई.

या माणसाशी हिरामण नेहमी एका शेतातून दुसऱ्या शेतात ऐकू जाईल असा भांडला होता. कुजबुजत शिव्या कशा द्यायच्या? शिवीत जोरच येईना. अशी कुजबुज त्यांनी एकदाच केली होती, पोरवयात, पाटलाच्या वाडीत आंबे चोरताना. तेव्हाही गोटीरामला मध्येच हसू फुटलं होतं.

"वाकून बग," गोटीराम म्हणाला.

दोघं दोन बाजूंनी खाटेवर वाकले. चिंच खाचेत बसेना. अजून वाकले. शिवरामच्या पोटावर दोन पिकली डोकी एकमेकांना टेकली, आणि चिंच डोंगराच्या खाचेत चपखल बसली. नेमकी मधोमध. ना हातभर इकडं, ना हातभर तिकडं.

शिवरामनं झोपेतच एक भला मोठा सूर लावला. गोटीरामचे गाल फुगले, खांदे गदगदू लागले. हिरामणनं त्याच्या तोंडावर हात दाबला आणि धोतराचा सोगा स्वतःच्या तोंडात कोंबला.

"काय निगालं?" चांगुणाबाईनं काळजीनं विचारलं. उत्तर द्यायला दोघं थांबलेच नाहीत. चपला हातात घेऊन पळाले ते थेट चिंचेखाली, आणि तिथं बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

घरी पोचले तेव्हा माशाचं कालवण निवलं होतं. पुतळाबाई कमरेवर हात ठेवून दारात.

"लागला निकाल? कुनाच्यात निगाला बांद?"

"त्याच्यावर एक मानूस झोपलाय," हिरामण पाटावर बसत म्हणाला. गोटीरामसाठी त्यानं शेजारचा पाट ओढला. "रातपाळीचा हाय बिचारा. आमी नाय उठवला."