चौथा खटका

घोडा मागे ओढला की चार खटके वाजायचे, हीच त्या रिव्हॉल्व्हरची ओळख. शौकीन डोळे मिटून मोजायचे. ते बनवणं बंद झाल्यावर वीस वर्षांनी कनेक्टिकटच्या कारखान्याने तेच मॉडेल पुन्हा काढलं आणि धाकटे मालक प्रेस्टन पहिला नग घेऊन तिथे पूर्वी कामाला असलेल्या म्हाताऱ्या एमरीच्या घरी आले.

"मला त्यातलं काही कळत नाही. तुमच्यासारखा कान आता कारखान्यात कुणाला नाही, एमरी. 'आवाज जुनाच' एवढं लिहून द्या. तुमच्या सहीची चिठ्ठी प्रत्येक डब्यात घालतो."

एमरीने रिकामं रिव्हॉल्व्हर कानाशी धरलं, घोडा सावकाश ओढला आणि मान डोलावली. "अगदी जुनाच!" त्याने झोकात सही ठोकली.

प्रेस्टनची गाडी गेल्यावर थेल्मा नवऱ्यावर उखडली. "अरे, तीनच वाजले! मी ओट्यापाशी उभी राहून मोजले."

"मीही तीनच मोजले."

"मग सही का केलीस? लोक हसतील तुला."

"मला?" एमरीने खणातून एक जुनं पत्र काढलं. खाली प्रेस्टनच्या बापाची सही होती. त्याने ते मोठ्याने वाचलं, "'कान पूर्ण निकामी झाल्याने कामावरून कमी करण्यात येत आहे.' घालू दे आता बहिऱ्याची साक्ष डब्याडब्यात."