छोट्या-मोठ्याची शिकवणी

"रेड बिग बॅग," लेक म्हणाली आणि मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"उलटं! आधी आकार, मग रंग. बिग रेड बॅग. एवढं साधंही जमू नये?"

"लाल मोठी म्हणा नाहीतर मोठी लाल म्हणा, पिशवीत सामान तेवढंच मावतं, बाबा."

"पण परीक्षा त्यांची आहे ना!" मास्तर कडाडले.

परीक्षा इंग्रजी बोलण्याची होती. लेक नर्स. परदेशातल्या एका हॉस्पिटलाने तिला नोकरी देऊ केली होती, अट एवढीच की ही परीक्षा पास व्हायची. दोनदा ती आपटली होती. तिसऱ्यांदा आपटली तर जागा दुसऱ्या कुणाला देऊ, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. आणि बाप कोण, तर उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस! ज्याने भल्याभल्या ठोंब्यांना पार नेलं, त्याच्या पोटच्या पोरीला धड ‘मोठा’ म्हणता येऊ नये, याचा त्यांना मनस्वी संताप यायचा.

रोज ड्यूटीवरून आली की ती हातपाय धुऊन समोर बसायची. मास्तर जीव तोडून सांगायचे. चूक बिग असते, संख्या लार्ज असते, आनंद ग्रेट असतो. माणूस टॉल, डोंगर हाय. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी माणसाला हाय करून ठेवायची, जणू तो गच्चीवर उभा आहे. ते सुधारावं तर आनंद लार्ज व्हायचा. थकल्या म्हाताऱ्याला तिने स्मॉल ओल्ड मॅन म्हटलं, तेव्हा तर त्यांनी पुस्तकच आपटलं.

"अगं, स्मॉल म्हणजे माप घेतल्यासारखं झालं! लिटल ओल्ड मॅन म्हण. त्यात माया आहे."

"दोन्हींचा अर्थ छोटाच ना? मग माया एकातच का?"

"का म्हणून विचारायचं नाही. ते तसं म्हणतात, म्हणून!"

का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे राग आणखीच चढला. "तुला जायचंच नसेल तर तसं सांग," ते ओरडले. लेक उठली आणि भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेल्यावर मास्तरांनी कपडे चढवले आणि तडक तिचं हॉस्पिटल गाठलं. परीक्षेपर्यंत पोरीला रजा मिळाली तर दिवसभर बसवून घोकवून घेऊ, असा त्यांचा बेत होता. हेड सिस्टर वॉर्डच्या टोकाशी औषधांची गाडी लावत होत्या. मास्तर त्यांच्याकडे निघाले आणि मधल्याच एका पडद्यापाशी थबकले.

पडद्याआडून लेकीचा आवाज येत होता. कुणा परदेशी म्हाताऱ्याचं ड्रेसिंग चाललं असावं. तो कण्हत होता आणि ही त्याला बोलण्यात गुंतवत होती. इंग्रजीत. भराभरा, न अडखळता. त्याच्या कुठल्याशा काळ्यानिळ्या डागाला ती ‘अ ग्रेट बिग पर्पल ब्रूज’ म्हणाली. रंगाच्या आधी आकार, आणि आकाराचेही दोन शब्द पाठोपाठ, अगदी इंग्रजांच्या घरात बोलतात तसे. हे तर मास्तरांनी तिला कधी शिकवलंच नव्हतं. मग ती त्याला ‘यू पुअर लिटल थिंग’ म्हणाली आणि म्हातारा कण्हता कण्हता हसला.

मास्तर पडद्याबाहेर खिळल्यासारखे उभे राहिले. आपण किती आंधळे, असं त्यांना झालं. कच्चा विद्यार्थी तीच ती चूक पुन्हा पुन्हा करतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ही रोज नवी चूक करत होती. इतक्या तऱ्हेच्या चुका करायच्या तर विषय पक्का हवा.

"रजा?" हेड सिस्टर म्हणाल्या. "रजा तर मीच देत होते. ती नको म्हणाली. म्हणाली, बाबांना घरात साधा चहा करता येत नाही, आई होती तोवर ठीक होतं. मी परदेशी गेले तर ते उपाशी राहतील, पण कुणाला सांगायचे नाहीत."

घरी परतताना मास्तरांना आधी भयंकर राग आला. माझ्यापायी मुद्दाम नापास होते? मला विचारल्याशिवाय? मग रागाची जागा लाजेने घेतली. बायको गेल्यापासून जेवणाचं ताट समोर कसं येतं, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. ते नुसते जेवले होते, आणि मीठ कमी असलं तर बोलले होते.

संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा टेबलावर पुस्तक नव्हतं. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता. ती धावत आत गेली. दूध उतू जाऊन ओट्याखाली टपकत होतं, भाताचा दगड झाला होता आणि शर्टाच्या बाह्या दुमडून मास्तर बोटावर फुंकर घालत उभे होते.

"बाबा! हे काय मांडलंय?"

"शिकवणी," मास्तर म्हणाले. "आजपासून मास्तर तू. मी चुकलो तर समजून सांग, मुद्दाम चुकलो तर कान उपट."