बारवेचं पाणी

"नारू आहे," डॉक्टर गयास म्हणाले.

"दंडात?" तात्यासाहेब हसले. "नारू पायात निघतो, डॉक्टरसाब. अन् तोही खेड्यातल्या माणसाच्या."

निजामाच्या सरकारी दवाखान्यात गयास यांनी असे शेकडो पाय पाहिले होते. दंड हा पहिलाच. त्यांनी तात्यासाहेबांच्या आईच्या, मनकर्णाबाईंच्या, फोडावर गार पाण्याची धार धरली. दुधासारखा थेंब आला. त्यामागून पांढऱ्या दोऱ्यासारख्या जिवंत जंताचं टोक डोकावलं. तात्यासाहेबांचं हसू मावळलं.

औरंगपुऱ्यातल्या या घरात नहरीचं पाणी येई, मातीच्या बंद नळांतून. त्यात नारू नसतो. तो असतो पायऱ्यांच्या बारवेत, जिथं माणसं पाय बुडवून घागर भरतात.

"वर्षाखाली आईसाहेबांच्या पोटात बारवेचं पाणी गेलं असणार."

"कसं जाईल? करमाडकडं आईचं माहेर. तिथं घरोघरी नारू. म्हणून वडलांनी लग्नानंतर तिला कधी धाडलं नाही. तिकडच्या कुणाला इथं मुक्काम करू दिला नाही. चाळीस वर्षं झाली." बोलता बोलता तात्यासाहेब दाराकडं वळले. तिथं घरचा पाणक्या सांडू उभा होता. "गेल्या उन्हाळ्यात नहर आटली, तेव्हा कुठून भरलंस रे? बोल! नाहीतर आजच गाठोडं बांध."

सांडूनं मान खाली घातली.

"त्याच्यावर कशाला डाफरतोस?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "मीच धाडलं व्हतं त्याला माह्या माहेरी. बारवेचं कळशीभर पाणी आन म्हनलं."

"तिथं नारू आहे, हे ठाऊक नव्हतं?" गयास यांनी विचारलं.

"ठाऊक व्हतं की. मालक गेल्यावर म्हनलं, आता जावं. तर भाऊ-भावजय कोनी उरलं नाय. बारव तेवढी हाय."

तात्यासाहेब पलंगाच्या कडेवर बसले. सांडूला त्यांनी हातानंच जायला सांगितलं.

गयास यांनी दोऱ्याचं टोक काडीला गुंडाळलं. "रोज बोटभर ओढायचा. घाई केली तर आत तुटेल, हात सुजेल. महिनाभर लागेल."

मनकर्णाबाईंनी दुसऱ्या हाताचा तळवा काडीखाली धरला.

"सावकाश काढा, डॉक्टर. चाळीस वर्षांत माह्या माहेराहून पहिल्यांदाच कुनी राहायला आलंय."